"शासनमान्य" बोर्ड बघून ॲडमिशन घेऊ नका: सोलापुरात दोन वर्षांच्या टेक्निकल कोर्सची मान्यता कशी तपासायची

दहावी-बारावीचा निकाल लागला की सोलापुरात पार्क चौकापासून पार सैफुलपर्यंत, एसटी स्टँडच्या आसपास, रिक्षांच्या मागं, सगळीकडं फ्लेक्स लागतात. "दोन वर्षांत डिप्लोमा, शासनमान्य, १०० टक्के नोकरी". अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळकडनं आलेले आईवडील तो बोर्ड वाचतात, ऑफिसात गणपतीचा फोटो आणि भिंतीवर फ्रेम केलेली चार सर्टिफिकेटं बघतात आणि पहिला हप्ता भरून मोकळे होतात. त्यातल्या बऱ्याच संस्था चांगल्या आहेत, पोरं शिकून कामाला लागतात, हे आधीच सांगतो. पण काही ठिकाणी पोराची दोन वर्षं आणि बापाचे पैसे दोन्ही जातात, आणि ते कळतं कधी तर नोकरीच्या कागदपत्र तपासणीत. म्हणून हा लेख, ज्यांच्या घरात आजपर्यंत कुणी आयटीआय, डिप्लोमा, डी.फार्म काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. "कॉलेज मान्यताप्राप्त आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे. मान्यता नुसत्या कॉलेजला बघायची नसते, त्या कॉलेजातल्या त्या कोर्सला, त्या वर्षी आणि तेवढ्याच जागांना आहे का ते बघायचं असतं. एकाच बिल्डिंगमध्ये फिटर ट्रेडला मान्यता असू शकते आणि शेजारच्या खोलीत चालणाऱ्या दुसऱ्या कोर्सला नसू शकते. मागच्या वर्षी होती आणि यंदा नाही असंही होतं. त्यामुळं "आमच्या शेजारच्याचा पोरगा तिथनंच शिकून लागला की" हा पुरावा धरू नका, तो कुठल्या कोर्सला होता आणि कुठल्या वर्षी होता ते आधी विचारा.

आधी हे समजून घ्या की कोण कशाला मान्यता देतं

इथंच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश सांगतो.

आयटीआय. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) हे एक वर्षाचे. हे कोर्स केंद्राच्या क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीममध्ये चालतात, ती योजना १९५० पासून आहे. देशपातळीवर हे काम डीजीटी म्हणजे प्रशिक्षण महासंचालनालय बघतं आणि सर्टिफिकेट एनसीव्हीटीचं म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं येतं, त्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणतात. एनसीव्हीटी १९५६ ची, आणि आता या सगळ्या क्षेत्राची नियामक म्हणून एनसीव्हीईटी ही परिषद आहे, ती २०१८ मध्ये स्थापन झाली आणि २०२० पासून कामाला लागली. नावं सारखी वाटतात म्हणून घाबरू नका, दोन्ही खरी आहेत. महाराष्ट्रात आयटीआय चालवणं आणि खाजगी आयटीआयवर लक्ष ठेवणं हे डीव्हीईटीचं काम, म्हणजे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. मुख्य ऑफिस मुंबईला, आपला जिल्हा पुणे विभागात येतो.

काही ट्रेड राज्यपातळीच्या मान्यतेवर चालतात, त्याला एससीव्हीटी म्हणतात. ते खोटं नाही. फक्त सर्टिफिकेट राज्याचं असतं, त्यामुळं पुढं जिथं नोकरी बघायची आहे तिथल्या जाहिरातीत एससीव्हीटी चालतंय का ते आधीच बघून ठेवायचं.

इंजिनिअरिंग डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निक. याला मंजुरी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडनं आणि परीक्षा एमएसबीटीईची, म्हणजे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची.

डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, हा खरा दोन वर्षांचा, बारावी सायन्सनंतर. याला मान्यता फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची लागते, परीक्षा आपल्याकडं एमएसबीटीई घेतं.

आणि चौथा प्रकार, ज्यात लोक सगळ्यात जास्त फसतात, तो म्हणजे सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षांचे सर्टिफिकेट कोर्स. हे राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाकडं येतात. पूर्वी याला व्यवसाय शिक्षण परीक्षा मंडळ म्हणायचे, जुन्या लोकांकडं त्या नावाची सर्टिफिकेटं असतील. २०२१ च्या कायद्यानं आताचं मंडळ आलं. या मंडळाचे कोर्स खरे आणि मान्य असतात. पण "आमचाही असाच कोर्स आहे" म्हणून स्वतःच्याच ट्रस्टचं सर्टिफिकेट छापून देणाऱ्या संस्थाही याच प्रकारात घुसतात.

पहिली पायरी: एकच प्रश्न विचारा

ऑफिसात गेल्यावर फी किती, हॉस्टेल आहे का, प्लेसमेंट कुठं, हे नंतर. पहिला प्रश्न असा विचारा, "दोन वर्षांनी जे सर्टिफिकेट मिळणार त्याच्यावर सही-शिक्का कुणाचा असणार?" आणि मागच्या बॅचच्या एखाद्या पोराच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स दाखवायला सांगा, नाव झाकून दाखवली तरी चालेल. वरती डोक्यावर कुठल्या मंडळाचं नाव आहे तेवढंच बघायचं आहे.

उत्तर एनसीव्हीटी, एमएसबीटीई, राज्य कौशल्य मंडळ, एखादं विद्यापीठ असं सरळ आलं तर पुढं जा. उत्तर "आमच्या संस्थेचं, पण भारत सरकार रजिस्टर्ड आहे" असं आलं तर तिथंच थांबा. "अमुक नॅशनल कौन्सिल", "ऑल इंडिया तमुक बोर्ड, दिल्ली" असं भारदस्त नाव आलं तर ते कागदावर लिहून घ्या आणि घरी येऊन शोधा, कारण नॅशनल, इंडिया, कौन्सिल असे शब्द लावून खाजगी संस्थाही नोंदलेल्या असतात.

कोर्सचं पूर्ण नावसुद्धा लिहून घ्या, जसंच्या तसं. "इलेक्ट्रिशियन" वेगळं, "डिप्लोमा इन इलेक्ट्रिकल" वेगळं, "इलेक्ट्रिकल टेक्निशियन" वेगळं. नोकरीच्या जाहिरातीत ट्रेडचं नाव ठरलेलं असतं आणि तपासणीला बसलेला माणूस अक्षरशः तेच नाव शोधतो.

भिंतीवरच्या या कागदांना मान्यता समजू नका

खालचे कागद खरे असतात, खोटे म्हणत नाही मी, पण त्यांचा कोर्सच्या मान्यतेशी काडीचा संबंध नसतो.

आयएसओ सर्टिफिकेट. ते संस्थेच्या कामाच्या पद्धतीचं असतं, पैसे भरून खाजगी एजन्सीकडनं मिळतं. उद्यम रजिस्ट्रेशन, ते कुठल्याही छोट्या धंद्याला ऑनलाईन फुकट मिळतं. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी किंवा १८६० च्या सोसायटी कायद्याची नोंदणी, त्यानं फक्त संस्था अस्तित्वात आहे एवढंच कळतं. कंपनी कायद्यातली नोंदणी, तीही तशीच. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नंबर, तो एनजीओंसाठी असतो. शॉप ॲक्ट, जीएसटी, ट्रेडमार्क, सगळं त्याच माळेतलं. यातल्या प्रत्येकावर अशोकस्तंभ किंवा "भारत सरकार" छापलेलं असू शकतं आणि गावाकडनं आलेल्या माणसाला ते बघितलं की धीर येतो. तुमच्या ओळखीत कुणी या कागदांवर विश्वास ठेवायला निघालंय असं दिसलं तर त्यांना हा एवढा पॅरा तरी वाचून दाखवा.

दुसरी पायरी: आयटीआय असेल तर असं तपासा

प्रत्येक मान्य आयटीआयला देशपातळीवर एक कोड असतो. महाराष्ट्रातल्या शासकीय आयटीआयचा कोड जी अक्षरानं सुरू होतो आणि खाजगीचा पी नं (कोड इंग्रजी अक्षरांतच टाकायचा), सुरुवातीच्या अक्षरांपुढं २७ आणि मग बाकीचे आकडे. २७ हा महाराष्ट्राचा क्रमांक. कॉलेजकडनं हा कोड मागा. कोड सांगायला टाळाटाळ केली किंवा "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले तर ॲडमिशन थांबवा. प्रोसेस संपली की मग बघू म्हणायचं.

मग स्किल इंडिया डिजिटल हब ही केंद्र सरकारची साईट उघडा, पूर्वी हीच माहिती एनसीव्हीटी एमआयएसच्या साईटवर असायची. तिथं राज्य, जिल्हा निवडून आयटीआय शोधता येतं. नुसतं नाव सापडलं की खूश होऊन साईट बंद करू नका. आत कुठले ट्रेड आहेत, किती युनिट आहेत, कुठल्या शिफ्टला आहेत ते बघा. एक युनिट म्हणजे एका वर्गातल्या ठरलेल्या जागा. फिटर, इलेक्ट्रिशियनला एका युनिटला २० आणि कोपाला २४. आता समजा पोर्टलवर इलेक्ट्रिशियनचं एकच युनिट दिसतंय आणि तुम्ही बघायला गेला तेव्हा वर्गात ५० पोरं बसलेली आहेत, तर सरळ विचारा की यातली कुठली २० पोरं नोंदणीतली आहेत आणि माझं पोरगं त्यात आहे का. वरच्या तीस पोरांना वर्गात बसवलं, शिकवलं, फी घेतली तरी परीक्षेचं हॉलतिकीट येणार नाही.

शासकीय आयटीआयमध्ये, विजापूर रोडचं असू दे किंवा तालुक्याचं, मान्यतेची अडचण सहसा येत नाही. तिथं प्रश्न फक्त मेरिटचा. आणि माझं स्पष्ट मत आहे, मार्कं पुरत असतील तर आधी शासकीय आयटीआयच बघा. फी नावापुरती, वर्कशॉप मोठं, आणि रेल्वे किंवा एमआयडीसीतल्या कंपन्या अप्रेंटिस घेताना तिथं येतात.

प्रवेशाचा रस्ता पण बघा. शासकीय आणि मान्य खाजगी दोन्ही आयटीआयचे प्रवेश डीव्हीईटीच्या ऑनलाईन प्रवेश पोर्टलवरनं होतात. अर्ज, ऑप्शन फॉर्म, राऊंड असं सगळं. ऑप्शन भरताना यादीत त्या कॉलेजचं आणि ट्रेडचं नाव येतंय का बघा. यादीत नाव नाही आणि कॉलेजवाले म्हणतात "पोर्टलची गरज नाही, आम्ही डायरेक्ट घेतो", तर समजून जा. संस्थास्तरावरच्या काही जागा खाजगी आयटीआय स्वतः भरतात हे खरं आहे, पण ती संस्था आणि तो ट्रेड पोर्टलवर दिसलाच पाहिजे आणि भरलेलं पोरगंसुद्धा शेवटी पोर्टलवर चढलंच पाहिजे.

अजून एक जोडून बघा, महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. खाजगी आयटीआयच्या फीची प्रतिपूर्ती तिथनं मिळते. "महाडीबीटीवर तुमच्या संस्थेचं नाव आहे का आणि या ट्रेडला मागच्या वर्षी पोरांना पैसे आले का" असं विचारा, आणि ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं (म्हणजे पोर्टलच्या राऊंडमधनं) आलेल्या पोरांसाठी असते हे लक्षात ठेवून ॲडमिशन घ्या.

पत्रव्यवहारानं किंवा "फक्त रविवारी या" असा आयटीआय नसतो. परीक्षेला बसायला हजेरी ८० टक्के लागते आणि प्रॅक्टिकल वर्कशॉपमध्येच होतं. कामाला जाता जाता आयटीआय करून देतो असं कुणी म्हणत असेल तर तो जे देणार आहे ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र नाही.

डिप्लोमा म्हणत असतील तर वर्षं मोजा

दहावीनंतरचा मान्य इंजिनिअरिंग डिप्लोमा तीन वर्षांचा असतो, सिव्हिल असू दे, मेकॅनिकल, कॉम्प्युटर, काहीही. दहावी झाल्या झाल्या "दोन वर्षांत सिव्हिल डिप्लोमा" असं म्हणत असतील तर तो एमएसबीटीईचा तीन वर्षांचा डिप्लोमा नाही एवढं नक्की, मग तो कुठला आहे ते त्यांना विचारा.

दोन वर्षांत डिप्लोमा होतो तो एका सरळ मार्गानं, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन. दहावीनंतर दोन वर्षांचा योग्य ट्रेडचा आयटीआय पास असेल किंवा बारावीचे ठरलेले विषय असतील तर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं, त्याचीही ऑनलाईन प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयच करतं. आपल्याकडं फिटर किंवा इलेक्ट्रिशियन करून मग मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल डिप्लोमाला गेलेली बरीच पोरं आहेत आणि वर्कशॉपचा हात बसलेला असल्यानं ती चांगली चमकतात.

तपासायला दोन गोष्टी. एक, एमएसबीटीईचा चार आकडी संस्था कोड, मंडळाच्या साईटवर संस्था आणि कोर्स शोधता येतो. दोन, एआयसीटीईचं त्या शैक्षणिक वर्षाचं मंजुरीपत्र. हे पत्र ठरावीक वर्षांपुरतंच असतं आणि त्यात प्रत्येक कोर्सपुढं प्रवेशक्षमता लिहिलेली असते. पत्र हातात घेतलं की आधी वर्ष बघा, मग आपल्या कोर्सचं नाव, मग जागा. जुनं पत्र लॅमिनेट करून ठेवलेलं असेल तर यंदा लागू असलेलं मागा.

सेफ्टीचं पण सांगून टाकतो कारण चिंचोळी एमआयडीसी, एनटीपीसीमुळं इथं "फायर अँड सेफ्टी"च्या जाहिराती जोरात असतात. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायला राज्याच्या नियमांत पात्रता ठरवून दिलेली आहे आणि त्यात मान्य डिप्लोमा लागतो, एमएसबीटीईचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी हा त्यातला. फ्लेक्सवरचा कोर्स करून सुपरवायझर किंवा फायरमन म्हणून ठेकेदाराकडं काम मिळेलही कदाचित, पण सेफ्टी ऑफिसरच्या खुर्चीला तो चालेलच असं नाही.

डी.फार्मला दोन मान्यता बघायच्या

डी.फार्म करणाऱ्यांनी हे नीट वाचा कारण मेडिकल टाकायचं स्वप्न घेऊन घरं कर्ज काढतात.

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम १२ मध्ये कोर्स चालवायची मान्यता आणि परीक्षेची मान्यता अशा दोन गोष्टी आहेत. नवीन कॉलेज निघतं तेव्हा आधी कोर्स सुरू करायची परवानगी मिळते, आणि पुढं तपासणी होऊन मग कलम १२ खाली पूर्ण मान्यता मिळते. तुम्ही फार्मासिस्ट म्हणून महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी करायला जाता तेव्हा तुमचा कोर्स आणि परीक्षा कलम १२ खाली मान्य आहे का हे बघितलं जातं. म्हणून नवीन कॉलेज असेल तर फार्मसी कौन्सिलच्या साईटवर त्या कॉलेजपुढं काय लिहिलंय, कुठल्या वर्षापर्यंत लिहिलंय आणि किती जागा लिहिल्या आहेत हे बघूनच पुढं जा. एआयसीटीईचं पत्र दाखवलं तर ते डी.फार्मला पुरत नाही, फार्मसी शिक्षणाच्या मान्यतेचा अधिकार फार्मसी कौन्सिलचाच आहे असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्येच स्पष्ट केलंय.

बारावी सायन्स लागते, फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्याच्या जोडीला बायोलॉजी किंवा मॅथ्स. आर्ट्स-कॉमर्सच्या पोराला "ॲडजस्ट करतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला पैसे देऊ नका. दोन वर्षांनंतर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं, आणि २०२२ च्या नियमांनी नोंदणीच्या आधी एक्झिट एक्झामही आणली आहे, ते धरूनच घरचं गणित मांडा.

पॅरामेडिकल, म्हणजे डीएमएलटी (लॅब टेक्निशियन), ओटी टेक्निशियन, एक्स-रे वगैरे, यात मात्र इतक्या प्रकारची सर्टिफिकेटं बाजारात फिरतात की माझा सल्ला एकच. हा कोर्स करून महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का हे कॉलेजकडनं लेखी घ्या आणि परिषदेकडनं स्वतः खात्री करा. तोंडी होकारावर भरवसा ठेवू नका.

तिसरी पायरी: नोकरीची जाहिरात आधी वाचा

हे कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात सोपं आहे. तुमच्या पोराला पुढं जायचंय कुठं? रेल्वे, महावितरण, एनटीपीसी, एसटी, नगरपालिका, का एमआयडीसीतली कंपनी? त्या ठिकाणची मागची एखादी जाहिरात नेटवरनं काढा आणि शैक्षणिक पात्रतेचा पॅरा वाचा.

रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत दहावी आणि एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी मान्य संस्थेतला ठरलेल्या ट्रेडचा आयटीआय असं लिहिलेलं असतं. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिसला, ज्यात आपला सोलापूर विभागही येतो, ट्रेड सर्टिफिकेट एनसीव्हीटीचं मागतात. महावितरणच्या विद्युत सहायकाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मागतात, म्हणजे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन. आता त्या पॅराशेजारी कॉलेजनं सांगितलेलं कोर्सचं नाव आणि मंडळाचं नाव ठेवा. जुळलं तर ठीक.

दक्षिण सोलापूरमधल्या एका पोराचं मी जवळनं बघितलंय. घरची तीन एकर जिरायत, दोन वर्षं "इलेक्ट्रिकल डिप्लोमा" केला, हुशार, मोटार रिवाइंडिंगला हात इतका चांगला की दुकानदार त्याला सोडायला तयार नव्हते. अप्रेंटिसच्या कागदपत्र तपासणीला गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला, कारण सर्टिफिकेटवर कुठल्याच मंडळाचं नाव नव्हतं. पोराचं काही चुकलेलं नव्हतं, अभ्यास केला होता, फी वेळेवर भरली होती. त्याला ॲडमिशनच्या दिवशी हे सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच.

स्वतःचा धंदा करायचा असेल तरी हे लागतंच. वायरिंगची कामं करायची तर वायरमनचा परवाना लागतो आणि त्या अर्जाला मान्य प्रमाणपत्र जोडावं लागतं.

विजापूर, कलबुर्गीला जाणाऱ्यांसाठी

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या काही गावांना कर्नाटकातलं कॉलेज जवळ पडतं, भाषेचीही अडचण नसते. एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र देशभर चालतं त्यामुळं तिकडचा एनसीव्हीटी आयटीआय केला तर हरकत नाही, फक्त कोड त्या राज्याच्या क्रमांकाचा असेल. पण महाराष्ट्राची स्कॉलरशिप, फी सवलत, पुढं इथल्या प्रवेशाला रहिवासाचे नियम या गोष्टी आधी विचारून घ्या. आणि तिकडच्या एखाद्या संस्थेची "शाखा" सोलापुरात एखाद्या गाळ्यात चालत असेल तर ती मान्यता इथं लागू होत नाही, मान्यता पत्त्यासकट असते.

चौथी पायरी: शंका राहिलीच तर सरकारी ऑफिसात जा

आयटीआय आणि व्यवसाय कोर्ससाठी जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी कार्यालय आहे, नाहीतर सरळ शासकीय आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन भेटा. तिथली माणसं रोज हेच काम करतात, नाव आणि ट्रेड सांगितला की बहुतेक वेळा जागेवरच सांगतात. डिप्लोमा, फार्मसीसाठी शासकीय तंत्रनिकेतनात विचारा, प्रवेशाच्या दिवसात तिथं सुविधा केंद्र असतं.

लेखी हवं असेल तर माहिती अधिकार. साध्या जोडपत्र अ मध्ये अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, त्यामुळं हे निकालाच्या आधीच, एप्रिलमध्येच टाकून ठेवा. अर्जात "सदर संस्था मान्यताप्राप्त आहे का" असं मोघम लिहू नका. असं लिहा: "अमुक पत्त्यावरील अमुक संस्थेस अमुक शैक्षणिक वर्षासाठी अमुक अभ्यासक्रमाची मान्यता आहे काय, असल्यास मंजूर तुकड्या व प्रवेशक्षमता किती, मान्यता आदेशाची प्रत मिळावी." आदेशाची प्रत मागितली की गोलमाल उत्तराला जागा राहत नाही.

ॲडमिशन झाल्यावरही दोन गोष्टी बघत राहा

फीची पावती संस्थेच्या नावाची, कोर्सचं नाव लिहिलेली, छापील घ्या. कच्च्या चिठ्ठीवर किंवा कुणाच्या खाजगी फोनपेवर पैसे टाकू नका. मूळ मार्कलिस्ट आणि एलसी तपासून परत मागा, अडकवून ठेवू देऊ नका, झेरॉक्स साक्षांकित करून द्या.

आणि मग नोंदणी. आयटीआयला प्रशिक्षणार्थ्याचा नोंदणी क्रमांक येतो, एमएसबीटीईला पहिल्याच सेमिस्टरला एनरोलमेंट नंबर. पोराला तो विचारा आणि पोर्टलवर नाव, जन्मतारीख, ट्रेड बरोबर आलंय का बघा, दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणेच पाहिजे, आधारवर वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करा, नंतर फार हेलपाटे पडतात. दिवाळी झाली तरी नंबर आला नसेल तर गप्प बसू नका, लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

आणि आधीच अडकला असाल तर

मान्यता नाही हे कळलं असेल तर दुसरं वर्ष पूर्ण करायच्या नादात अजून पैसे घालू नका. पावत्या, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरची बोलणी, सगळं जपून ठेवा आणि लेखी तक्रार करा. महाराष्ट्रात अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रमांना बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, त्यात तंत्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षणही येतं. तक्रारीत त्या कायद्याचा उल्लेख करा आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातही द्या.

पोराचं काय? आयटीआयला वयाची कमाल मर्यादा नाही, किमान १४ वर्षं पूर्ण पाहिजेत एवढंच, त्यामुळं एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा पुन्हा पहिल्यापासून मान्य आयटीआयला बसू शकतो. ज्याला त्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव झालाय त्याला ट्रेडच्या परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसायचीही तरतूद आहे, त्याची चौकशी शासकीय आयटीआयमध्ये करा, कंपनीचं किंवा दुकानाचं अनुभवाचं पत्र तयार ठेवा. आरपीएल म्हणून एक सर्टिफिकेट मिळतं, येणारं कौशल्य तपासून देतात, ते कामाला उपयोगी आहे पण त्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राच्या जागी धरू नका.

आणि दहावीनंतर दोन वर्षांचा मान्य आयटीआय केलेल्यांनी बारावीची समकक्षता विसरू नका. राज्य मंडळाकडनं भाषा विषयांची परीक्षा देऊन ती मिळवता येते, फॉर्म भरायच्या तारखा बारावीच्या परीक्षेबरोबरच निघतात, त्यामुळं आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच तुमच्या प्राचार्यांकडं त्याचं नाव देऊन ठेवा.